भेसळ की बळकटी? प्लास्टिकमधल्या दगडाची गोष्ट

मिशेलिन कंपनीचा तो गुबगुबीत माणूस आठवतोय? टायरच्या चकत्या एकावर एक रचून केलेला आणि तरीही पांढराफटक. टायर तर काळे असतात, मग हा असा कसा? कारण तो 1898 सालचा आहे आणि तेव्हा टायर फिकटच असायचे. रबर मुळात काळं नसतंच. त्यात झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घालत. खडू आणि चिनी मातीही घालत, कारण रबर महाग आणि माती स्वस्त. थोडक्यात, दुधात पाणी घालण्यातलाच प्रकार.

1904 च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाऊन भागातल्या एका रबर कारखान्यात काजळी मिसळून पाहिली गेली आणि रबर कितीतरी चिवट झालं. काजळी काही खनिज नव्हे, पण तिने शिकवलेला धडा खनिजांनाही लागू पडला. काय मिसळता याइतकंच महत्त्व कण किती बारीक आहे आणि तो भोवतालच्या पदार्थाला किती घट्ट धरतो याला असतं. जाड, सैल कण नुसती जागा अडवतो. बारीक, नीट चिकटलेला कण भार वाटून घेतो.

बेकलाइटची सगळी कथाच या भरीवर उभी आहे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंडने 1907 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून हे प्लास्टिक बनवलं. नुसती राळ मात्र ठिसूळ होती. तिच्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळला, तेव्हा कुठे टेलिफोन आणि रेडिओच्या पेट्या टिकाऊ झाल्या. मातीच्या भिंतीत पेंढा का घालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. वीज अडवायची तर अभ्रक, उष्णता सोसायची तर अॅस्बेस्टॉस, अशी कामंही वाटली गेली.

इथे गोष्ट काळी होते. अॅस्बेस्टॉस जळत नाही, गंजत नाही, स्वस्त आहे. गुणधर्मांच्या तक्त्यात त्याला पैकीच्या पैकी गुण. पण इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये अॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ 1924 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत त्याच खनिजाचे कण सापडले. कंपनीने भरपाई नाकारली. ब्रिटनमध्ये 1931 साली धुळीबाबत नियम आले, तरी पुढे कित्येक दशकं अॅस्बेस्टॉस प्लास्टिकच्या भागांत आणि फरशांत जातच राहिलं. युरोपीय संघाने त्यावर पूर्ण बंदी घातली ती 2005 मध्ये. वस्तू किती मजबूत झाली हे सगळे मोजत होते, ती बनवणाऱ्याच्या श्वासाचं काय झालं हे मोजायला उशीर झाला.

1957 नंतर पॉलिप्रॉपिलीन बाजारात आलं आणि भर म्हणून शंखजिरं, म्हणजेच टाल्क, पुढे आलं. त्याचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात, त्यामुळे प्लास्टिक ताठ होतं आणि उन्हात कमी वाकतं. पण ताठपणाची किंमत असते, धक्का बसला की तडा लवकर जातो. म्हणून गाडीच्या बंपरमध्ये पॉलिप्रॉपिलीन, रबर आणि टाल्क असं त्रिकूट असतं. रबर धक्का पचवतं, टाल्क आकार धरून ठेवतं. एकाचं प्रमाण वाढवलं की दुसऱ्याचा गुण घटतो.

ही देवाणघेवाण चुकवण्याचा मोठा प्रयत्न जपानमध्ये झाला. टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचे अतिसूक्ष्म थर सुटे करून पसरवले. माती जेमतेम चार-पाच टक्के, पण ताठपणा जवळपास दुप्पट झाला. भाराखाली नायलॉन जिथे 65 अंशांना वाकायचं, तिथे ते साधारण 145 अंशांपर्यंत तग धरू लागलं. 1990 च्या दशकात हे मिश्रण गाडीच्या इंजिनावरच्या झाकणात वापरलं गेलं.

आज प्रश्न पुन्हा बदललाय. साधं पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, पण वजनाच्या 20 टक्के टाल्क घातलं की बुडतं. पाण्यात टाकून प्लास्टिक वेगळं करणाऱ्या पुनर्वापर केंद्रात असा तुकडा चुकीच्या ढिगात जातो. म्हणजे भेसळ की बळकटी हे नुसत्या मिश्रणावर ठरत नाही. आत काय घातलंय हे पुढच्या माणसाला, म्हणजे बनवणाऱ्या कामगाराला आणि कचरा वेचणाऱ्यालाही, सांगितलंय का, यावरही ठरतं.