'शॅल नॉट बी' : इंग्रजी कायदेलेखनातील नकारार्थी कर्मणी रचनेचा इतिहास

प्रस्तावना

इंग्रजी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत कर्मणी प्रयोगाचे प्रकरण बहुधा रूपांतराच्या नियमांनी सुरू होते आणि तेथेच संपते. आधी मोडल सहायक क्रियापद, मग 'नॉट', मग 'बी' आणि शेवटी मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप, हा साचा विद्यार्थ्यांकडून घोटवून घेतला जातो. 'बाय' लावून येणारा कर्ता गाळला तरी चालतो, ही सूचना मात्र जाता जाता केली जाते. वस्तुतः या रचनेचे सारे राजकीय महत्त्व त्या गाळलेल्या कर्त्यात आहे. सत्तेला बंधन घालणारी इंग्रजीतील अनेक महत्त्वाची वाक्ये याच साच्यात आणि कर्त्याचा उल्लेख टाळून लिहिली गेली. काय करू नये हे अशा वाक्यातून स्पष्ट कळते. कोणी करू नये, हे कळत नाही. या संदिग्धतेची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

'मे', 'ऑट' आणि 'शॅल'

नकारार्थी मोडल रचनेत 'नॉट' नेमके कशाला नाकारते, हा प्रश्न प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. 'मस्ट नॉट बी पेड' म्हणजे रक्कम देण्यास मनाई; 'नीड नॉट बी पेड' म्हणजे रक्कम देण्याची सक्ती नाही. कायद्यातील 'शॅल नॉट' पहिल्या गटात मोडते. 'शॅल' आणि 'ऑट' या दोहोंच्या पूर्वेतिहासात 'देणे लागणे' हा अर्थ आहे. 'ऑट' हे तर 'ओ' या क्रियापदाचेच जुने भूतकाळी रूप होय. ऋणाच्या एकाच कल्पनेतून आलेली ही दोन क्रियापदे पुढे बऱ्याच भिन्न वजनाची झाली.

1215 च्या मॅग्ना कार्टाचे मूळ लॅटिन आहे. त्यात मोडल क्रियापद नाही. संकेतार्थी कर्मणी रूपे आहेत. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यांच्या जागी 'शॅल बी' योजले. 39 व्या कलमात कोणाही स्वतंत्र पुरुषास पकडले जाऊ नये, कैदेत टाकले जाऊ नये, हद्दपार केले जाऊ नये, अशी कर्मणी रूपांची रांग आहे. मात्र मध्येच वाक्य कूस बदलते आणि 'आम्ही त्याच्यावर चालून जाणार नाही, कोणास धाडणार नाही' अशी राजाची प्रथमपुरुषी कबुली येते. 40 वे कलम तर संपूर्णपणे कर्तरी आहे: न्याय आम्ही विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. सरदारांच्या दबावाखाली असलेल्या जॉन राजाला कर्मणी प्रयोगाच्या आड लपण्याची मुभा मिळाली नव्हती, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

तिसऱ्या एडवर्डच्या 1354 च्या कायद्यात 'स्वतंत्र पुरुष' ही मर्यादा गळून कोणत्याही स्थितीतील व्यक्तीला संरक्षण मिळाले आणि 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हा शब्दप्रयोग अवतरला. व्याप्ती वाढली, त्याच वेळी राजाचे 'आम्ही' वाक्यातून नाहीसे झाले. पुढे 1627 मध्ये, सक्तीचे कर्ज देण्यास नकार देणाऱ्या पाच नाइटांना पहिल्या चार्ल्सने कैद केले. 'राजाची खास आज्ञा' एवढेच कारण न्यायालयास कळविण्यात आले आणि न्यायाधीशांनी त्यांना जामीन दिला नाही. या पार्श्वभूमीवर 1628 च्या 'पिटिशन ऑफ राइट'ने मॅग्ना कार्टातील जुना निषेध 'मे बी टेकन' अशा शब्दांत पुन्हा मांडला. कर्ता तेथेही नव्हता.

1689 च्या 'बिल ऑफ राइट्स'मध्ये अवाजवी जामीन, अवाजवी दंड आणि क्रूर व असाधारण शिक्षा यांविषयी 'ऑट नॉट टु बी' ही रचना आहे. 'ऑट'मध्ये औचित्याचा सूर आहे, आज्ञेचा कमी. टायटस ओट्स या खोट्या साक्षीदारास 1685 मध्ये फटक्यांची आणि खोड्याची अमानुष शिक्षा झाली होती. ती रद्द करण्याची मागणी 1689 मध्येच उमराव सभेपुढे आली, तेव्हा काही उमरावांनी नव्या घोषणेकडे बोट दाखविले. परंतु बहुमताने निवाडा कायम ठेवला.

अमेरिका : कर्त्याचा शोध

व्हर्जिनियाच्या 1776 च्या अधिकारघोषणेने जामिनाविषयीचे 'ऑट नॉट' जसेच्या तसे उचलले. मुद्रणस्वातंत्र्याविषयी तिने 'कॅन नेव्हर बी रिस्ट्रेन्ड' असे म्हटले आणि जुलमी सरकारांचा अपवाद केला. हे विधान बाणेदार आहे, पण तो निषेध नव्हे; जुलमी सरकार काय करते याचे ते वर्णन आहे. 1789 मध्ये जेम्स मॅडिसनने आपल्या मसुद्यात जामिनाच्या वाक्यातील 'ऑट' काढून 'शॅल' घातले. 1791 मध्ये अमलात आलेल्या आठव्या दुरुस्तीत तेच राहिले. एका सहायक क्रियापदाच्या बदलाने उपदेशाचा कायदा झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

तथापि कर्त्याचा प्रश्न सुटला नाही. पहिल्या दुरुस्तीत 'काँग्रेस' हा कर्ता स्पष्ट आहे. दुसरीपासून मात्र 'शॅल नॉट बी' सुरू होते आणि कर्ता अदृश्य होतो. घटक राज्यांना नाव घेऊन बांधणारे स्वतंत्र कलम मॅडिसनने सुचविले होते. ते सिनेटने नाकारले.

या अदृश्य कर्त्याचा सोक्षमोक्ष 1833 मध्ये 'बॅरन विरुद्ध बाल्टिमोर' या खटल्यात लागला. शहराने रस्त्यांच्या कामांसाठी ओढ्यांचे प्रवाह वळविले. बॅरनच्या धक्क्यापाशी गाळ साचला आणि जहाजे येणे बंद झाले. भरपाईशिवाय खाजगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घेतली जाऊ नये, असे पाचवी दुरुस्ती म्हणते. कोणी घेऊ नये हे ती सांगत नाही. मग शहरालाही ती लागू नाही काय, असा बॅरनचा मुद्दा होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचे उत्तर व्याकरणाचा धडा शोभावे असे आहे. पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या विभागात, चौकशीविना व्यक्तीला दोषी ठरविणारा कायदा 'शॅल बी पास्ड' अशा कर्मणी रचनेत निषिद्ध आहे. दहाव्या विभागात तोच निषेध 'नो स्टेट शॅल' असा कर्त्यासह पुन्हा येतो. नवव्या विभागातील कर्ताहीन निषेध राज्यांनाही लागू असता, तर दहाव्याची गरजच नव्हती. म्हणून कर्त्याविना आलेला निषेध केवळ संघीय सरकारपुरता. बॅरन हरला.

यादवी युद्धानंतर चौदाव्या दुरुस्तीचे कलम घडविताना जॉन बिंगहॅमने मार्शल यांचा हा इशारा ध्यानात ठेवला होता. 1871 मध्ये त्याने प्रतिनिधिगृहात तसे सांगितलेही. 1868 च्या या दुरुस्तीत पाचव्या दुरुस्तीतील जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांविषयीचे शब्द पुन्हा आले. मात्र 'बी डिप्राइव्ह्ड'च्या जागी राज्य हा कर्ता घेऊन कर्तरी 'डिप्राइव्ह' आले. परंतु कर्ता उच्चारला की इतर सर्व सुटतात. 1875 च्या नागरी हक्क कायद्याने खाणावळी, वाहने व नाट्यगृहे येथील वर्णभेदास बंदी केली होती. 1883 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी रद्द ठरविल्या. चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाणावळीच्या मालकाला नव्हे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

भारतीय संविधान : कर्ता गाळण्याचा हेतू

ज्या समाजात वंचना सरकारपेक्षा शेजाऱ्याकडून अधिक होते, तेथे हा प्रश्न निराळे रूप घेतो. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये बोले ठराव संमत केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावाच लागला. अडविणारा सत्ताधारी नव्हता, गावकरी होता. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात आंबेडकरांनी 1866 आणि 1875 च्या अमेरिकी कायद्यांचा आधार म्हणून निर्देश केला आहे, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात दोन्ही रचना शेजारीशेजारी आहेत. पहिल्या खंडात 'द स्टेट शॅल नॉट' असा कर्ता आहे. दुसऱ्या खंडात राज्याचा उल्लेख नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांबाबत कोणताही नागरिक धर्म, जात इत्यादी कारणांवरून कोणत्याही निर्बंधास पात्र असणार नाही, एवढेच म्हटले आहे. काटेकोरपणे पाहता हे वाक्य कर्मणी नव्हे, कारण त्यातील 'सब्जेक्ट' हे विशेषण आहे. पण कर्ता मोकळा ठेवण्याचे काम ते कर्मणी रचनेप्रमाणेच करते. मार्शल यांनी ज्या मौनाचा अर्थ संकोचाने लावला, त्याच मौनाचा येथे विस्तारासाठी वापर झाला. 2011 मध्ये 'इंडियन मेडिकल असोसिएशन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुकाने' या शब्दाचा व्यापक अर्थ घेऊन खाजगी शिक्षणसंस्थांनाही या खंडाच्या कक्षेत आणले.

21 वा अनुच्छेद मात्र खऱ्या अर्थाने कर्मणी आहे: 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड'. कर्ता नाही. 3 जानेवारी 2023 रोजी 'कौशल किशोर' खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे बॅरनचाच प्रश्न भारतीय वेशात आला. 19 व्या आणि 21 व्या अनुच्छेदांतील हक्क राज्येतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे चार न्यायाधीशांनी ठरविले; न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी या मुद्द्यावर भिन्न मत नोंदविले.