बोटी बंद व्हायच्या आत

एप्रिल १९६७ संपत आलाय. तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे आहात आणि तुमच्या पायावर कुणीतरी लोखंडी ट्रंक ठेवली आहे. ठेवणाऱ्याला तुम्ही दिसला नाहीत असं नाही. दिसलात, म्हणूनच ठेवली. "जरा बघ हां रे झिला," म्हणत तो धोतर-टोपीतला माणूस वळकट्या आणायला पुन्हा गर्दीत शिरलादेखील.

भूतकाळात आपण कुणाला दिसणार नाही, असा तुमचा समज असेल तर तो कोकणच्या बोटीवर टिकत नाही. इथे एकट्या माणसाला दोन प्रश्न विचारतात: खंयचो आणि कोणाचो? दुसऱ्याला तुम्ही अडखळलात तरी बिघडत नाही. रत्नागिरी येईपर्यंत तेच तुमचं एखादं मावसघर शोधून काढतील. एक मात्र सांभाळा. 'सिंधुदुर्ग जिल्हा' म्हणू नका. तो व्हायला अजून चौदा वर्षं आहेत. आज सिंधुदुर्ग म्हणजे मालवणचा किल्ला, आणि गोव्याच्या हद्दीपर्यंत सगळी रत्नागिरीच.

ट्रंकवाल्याला सगळे तात्या म्हणतात. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात त्याचा जन्म गेला, गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. खरं तर अर्धाच झाला. दिवाळीपासून चैत्रापर्यंत एका धान्याच्या दुकानात तो हिशेब लिहितो आणि उरलेलं वर्ष गावी काढतो. फंडाचे पैसे आले ते गावच्या घराच्या मंगळुरी कौलांत गेले. काकी नऊवारीतली, ठेंगणी. तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा आहे आणि गर्दीत दर दोन मिनिटांनी तिचा हात तिथे जातो. मुलगे, सुना, नातवंडं कुणी बरोबर नाही. शाळा सुटल्या की ती सगळी मागाहून येतील. ही दोघं पुढे निघालीत.

भोंगा होतो. तुम्हाला खालच्या डेकवर कांबळ्याच्या एका कडेला जागा मिळते. धक्का मागे पडला की बायका नकळत हात जोडतात. 'रामदास' बुडाली त्याला यंदा वीस वर्षं होतील. १७ जुलै १९४७, आषाढातली अवस, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट आणि सहाशेहून जास्त माणसं. त्या दिवसाबद्दल डेकवर कुणी बोलत नाही. बोलणं निवडणुकीचं चाललंय. फेब्रुवारीत जॉर्ज फर्नांडिसनी स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पाडलं, त्याचा काहींना आनंद आहे आणि काहींना पाटील आपल्याकडचे म्हणून वाईट वाटतंय. मग विषय बॅरिस्टर नाथ पैंवर येतो. ते दिल्लीत कोकण रेल्वेसाठी भांडतायत, आता रेल्वे येतलीच, असं एक जण छातीठोकपणे सांगतो. तुम्हाला तारीख माहीत आहे: २६ जानेवारी १९९८. गप्प बसा. अजून तीस वर्षं थांबा म्हणालात तर हे लोक तुम्हाला हर्णैलाच पडावात उतरवतील.

हर्णै ओलांडेपर्यंत वारा वाढतो आणि डेकवरची निम्मी माणसं आडवी होतात. "बोट लागली काय रे तुका?" काकी विचारते आणि उत्तराची वाट न बघता तुमच्या हातात आमसूल ठेवते. फिरकीच्या तांब्यातलं पाणी देते, तेही घोटभरच. जास्त प्यायलात तर बाहेर येईल, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी. प्रत्येक बंदराला बोट थांबते, पडाव येऊन भिडतात, माणसं आणि बोचकी खाली जातात, भोंगा होतो. काळोख पडल्यावर विजयदुर्ग जातं. मग देवगडच्या किल्ल्यावरचा दिवा फिरताना दिसू लागतो आणि तात्या वळकटी आवळतो.

बोट किनाऱ्याला लागत नाही, समुद्रातच उभी राहते. पडाव खालून वर येतो, क्षणभर पायरीशी थांबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा खाली जातो. त्या क्षणालाच पाय टाकायचा. खलाशी काकीचा दंड धरतो. ती एका हाताने लुगडं आणि दुसऱ्याने जुडगा सांभाळत सहज उतरते. तुमची वेळ चुकते आणि तुम्ही कुणाच्या तरी आंब्याच्या रिकाम्या करंड्यांवर पडता. पडावभर हसू फुटतं.

आता घर. सहा महिन्यांच्या मुंबईत ही दोघं ज्यासाठी दिवस मोजत होती, ते उजाडताना खळ्यात उभं राहून बघा. कुलूप खाऱ्या वाऱ्याने धरलंय, त्यावर खोबरेल सोडावं लागतं. दार उघडताच आतून कोंदट, उंदरांच्या लेंड्यांचा वास येतो. माजघरात कोळिष्टकं, तुळईला वाळवीची माती, न्हाणीच्या कोपऱ्यात जनावराची कात. तात्या ती काठीने उचलून बाहेर टाकतो, घाबरत नाही, पण चपला मात्र घालतो. काकी पहिल्यांदा देवाकडे जाते. शेजारच्या घरातून निखारा आलाय, तेल तिने मुंबईहून आणलंय. दिवा लागतो आणि मग ती कमरेला पदर खोचते. पुढचे आठ दिवस ती खाली बसलेली तुम्हाला दिसणार नाही. सारवण, भांडी घासणं, उकड्या तांदळाचे कणगे उन्हात, गोधड्या वळईवर. तात्या गड्याला घेऊन छपरावर चढतो. कौलं नवी आहेत, पण वानरांनी सरकवलेली आहेत, आणि मागच्या पडवीवर अजून जुने नळे आहेत, ते परतायला हवेत. पावसाला महिना उरलाय.

तुमच्या काळात अशा जोडप्यांबद्दल लिहिताना 'निवृत्तीनंतरचं निवांत आयुष्य' असे शब्द वापरतात. इथे या दोघांकडे बघून ते शब्द जिभेवर येत नाहीत. गिरणीत आठ तासांची पाळी होती, इथे पाळी संपतच नाही. पण ही दोघं पंधरा दिवस आधी आली नसती तर मे महिन्यातली ती प्रसिद्ध कोकणातली सुट्टी, जिच्या आठवणी पुढे सगळी नातवंडं आयुष्यभर सांगणार आहेत, ती कुलपाआडच राहिली असती. नातवंडांच्या आठवणीत आंबे असतात, करवंदं असतात, विहिरीतलं पोहणं असतं. छपरावरचा आजा नसतो.

ती येतात, एकूण अकरा. घर एकदम लहान होतं. हापूस पेंढ्यात घालून पेट्यांतून मुंबईला जातो आणि घरात रायवळ खाल्ला जातो. विकायचा आंबा वेगळा आणि चोखायचा वेगळा, हे नातवंडांनाही न सांगता कळतं. पोटमाळ्यावरच्या आढीत चोरून हात घालणारा एक असतोच. बायका खळ्यात साठं घालतात, फणसपोळ्या थापतात, सोलं वाळवतात. आगोटीची बेगमी म्हणजे सुके बांगडे, सोडे, कुळीथ, मीठ, सगळं एकदाच भरून ठेवायचं. भांडणंही याच महिन्यात होतात. थोरल्या सुनेला बोट लागते, चूल फुंकून डोळे सुजतात, आणि धाकटी नेमकी कामाच्या वेळी बाळाला निजवायला जाते. सगळं घर झोपल्यावर थोरली मागच्या दारी रडते. काकीला ते दिसतं. ती काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी चुलीशी स्वतः बसते.

मेच्या अखेरीस बोटी बंद होतात. ती तारीख पंचांगातल्या सणाइतकी पाळावी लागते. शेवटची बोट चुकली तर घाटमार्गाची वणवण. अकरा माणसं पडावातून जातात आणि दोघं किनाऱ्यावर उरतात. पेरणी, लावणी, बेणणी. तुम्ही पावसाळाभर थांबू नका, पाठीत वाकून काढलेले ते दिवस एकमेकांसारखेच आहेत.

भाद्रपदात मुंबईला या आणि थोरल्या मुलाबरोबर एसटीत बसा. समुद्र अजून खवळलेला आहे, म्हणून गणपतीला बोट नाही, लाल गाडीच. मुलाला चार दिवसांची रजा मिळाली आहे, तीही बदली कामगार लावून. पनवेलनंतर पाऊस धरतो. खिडकीची काच वर सरकत नाही, बायकोच्या मांडीवर धाकटा झोपलाय. महाडजवळ गाडी सावित्रीचा दगडी पूल ओलांडते. खाली पाणी तांबडं, भरून वाहणारं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री हा पूल एसटीसकट वाहून जाणार आहे. तुम्ही सीटचा दांडा घट्ट धरता. शेजारचा माणूस म्हणतो, "भिऊ नको, साहेबाच्या काळचो पूल हा." पुढे कशेडीचा घाट, खेड, चिपळूण, हातखंबा, आणि कुठेतरी दरड पडल्यामुळे तीन तासांचा खोळंबा.

घरी पोहोचता तेव्हा सगळं तयार आहे. पाट गणपतीच्या शाळेत केव्हाच गेला होता, मूर्ती आली आहे. गणपतीवरच्या माटवीला नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, हरणं, शेरवडं टांगली आहेत. रानातून हे सगळं आणायला तात्या दोन दिवस हिंडला, पायाला काटा रुतला तो अजून ठणकतोय. या घराच्या वाटण्या तात्याच्या बापाच्या वेळीच झाल्या. तीन भावांच्या तीन चुली, विहिरीचं पाणी वाराने, माडही मोजून घेतलेले. गणपती मात्र एकच. तो मूळ घरात बसतो आणि वर्षभर एकमेकांशी न बोललेले चुलतभाऊ एका रांगेत आरतीला उभे राहतात. वडीलधारा गाऱ्हाणं घालतो: मुंबईक गेलेल्यांका सांभाळ, वाकड्या नजरेन बघणाऱ्याक वाटेर आण. प्रत्येक ओळीला सगळे म्हणतात, "होय महाराजा!" वाकड्या नजरेचा कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. तोही जोरात होय महाराजा म्हणतो. मला वाटतं, कुठल्याही कोर्टापेक्षा ही सोय बरी.

रात्री भजन. उसळ-पाव, चहा, पेट्रोमॅक्सभोवती पाखरं. चौथ्या दिवशी थोरला निघतो. गणपती अजून बसलेला आहे आणि मुलगा निघाला, हे काकीला पटत नाही. पण हजेरीबुक गणपतीसाठी थांबत नाही, हे तात्याने तिला तीस वर्षं समजावलेलं आहे.

बोटी सुरू झाल्या, भात घरात आलं, दिवाळी तोंडावर आली की दोघं लालबागला उतरतात. इथली खोली तात्याच्याच नावावर आहे, पण तिथे आता नऊ माणसं झोपतात. म्हणून तात्याचं अंथरूण गॅलरीत. गावी अख्खं घर ज्यांच्या शब्दावर चालतं ती दोघं इथे नळाची वेळ सुनेला विचारतात. दिवाळीचा फराळ होतो, लेक-जावई येतात, पाडव्याला काकी तात्याला ओवाळते आणि तो ताटात रुपया टाकतो. दुकानातल्या खतावण्या चालू होतात.

११ डिसेंबरच्या पहाटे गॅलरी हलते. भांडी पडतात, चाळभर आरडाओरडा, लोक जिन्यावरून धावत रस्त्यावर येतात. थोड्या वेळाने रेडिओवरून कळतं की कोयनेला मोठा भूकंप झालाय, कोयनानगर उद्ध्वस्त झालंय. तात्या रस्त्यावर उभा आहे, अंगात फक्त गंजी, आणि त्याच्या डोक्यात गावची भिंत. सकाळी तो पोस्टात जाऊन शेजाऱ्याला कार्ड टाकतो. उत्तर यायला बरेच दिवस लागतात: घर उभा आसा, मागच्या भिंतीक भेग आसा, पण ती आदीचीच. तात्या ते कार्ड तीनदा वाचतो आणि गावी जाताना सिमेंटची अर्धी गोणी न्यायची ठरवतो.

आता थोडे लांब जा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडतात आणि थोरला पुन्हा कधीच साच्यावर उभा राहत नाही. त्याच दशकात कोकणच्या बोटीही थांबतात. तात्या जातो, काकी जाते. लालबागची खोली विकून थोरला डोंबिवलीला राहायला येतो, एका सोसायटीच्या ऑफिसात अर्धा दिवस पावत्या फाडतो.

१९९८चा श्रावण. कोकण रेल्वेने कणकवलीला उतरलेलं हे जोडपं ओळखलंत का? ती तीच, मागच्या दारी रडणारी थोरली सून. साठीला आली आहे, गुडघे दुखतात, आणि गणपतीला दहा दिवस असताना नवऱ्याला घेऊन पुढे आली आहे. दार उघडलं, दिवा लावला, माळा झाडला. गडी मिळत नाही म्हणून नवरा स्वतः शिडीवर आहे. ती नाक्यावरच्या एसटीडी बूथवर उभी राहून ठाण्याच्या धाकट्या दिराशी बोलते आहे. तो म्हणतोय, आम्ही चतुर्थीला पहाटेच्या गाडीने पोहोचतो, म्हणजे रजा वाया जाणार नाही.

"बरा," ती म्हणते. "मग मोदकाचे नारळ तुझे, भजनाची उसळ तुझी. आणि माटवीक कवंडळा कोण आणतलो ता पण आताच सांग."

पलीकडे शांतता. मीटरचे आकडे पळतायत.

"सांग रे, बिल तुझ्याच नावावर मांडतंय मी."