मागचं पांढरं

गेल्या गणपतीत मुरगूडला आमच्या गल्लीच्या मंडळाचा फ्लेक्स लागला. भगव्या रंगावर मंडळाचं चिन्ह आणि चिन्हामागं ढळढळीत पांढरा चौकोन. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या. "तू इंजिनिअर न्हवं? मागचं पांढरं काढ की," असं फर्मान आलं. मूळ फाईल मागितली तर व्हॉट्सॲपवरून जेपीईजी आली. कोरलमधली मूळ फाईल दुकानातला कॉम्प्युटर बदलला तेव्हाच गेली होती. चिन्हातली अक्षरं ज्या पेंटरकाकांनी हातानं काढली, तेही आता नाहीत.

हे दुखणं कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. दगडावर तेलकट शाईनं उलटी अक्षरं उतरवायची, दगड ओला ठेवायचा. मग शाई फक्त त्या रेघांनाच धरते. काम झालं की दगड घासून पुढच्या कामाला घ्यायचा. छापलेला कागद उरतो, मूळ जातं. पुढं त्यांनी खिळेही पाडले. खिळ्याचा साचा जपला तर तेच अक्षर पुन्हा ओतता येतं.

फाईलींतही हेच दोन पंथ आहेत. जेपीईजी म्हणजे ठिपक्यांचा कागद. मोठा केला की फाटतो. वेक्टर म्हणजे साचा: त्यात रेघ नसते, रेघेचं गणित असतं. हे गणित फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत, सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये बेझिए यांनी, गाडीच्या पत्र्याची वळणं काढायला वापरलं.

राहिलं ते मागचं पांढरं. 'इथं काहीच नाही' हे सांगायला जेपीईजीत जागाच नाही. म्हणून सेव्ह करताना रिकाम्या जागी बहुधा पांढरा रंग भरला जातो. रिकामं आणि पांढरं यातला फरक पीएनजीनं १९९६ पासून ठेवला, पीडीएफमध्ये तो २००१ च्या १.४ आवृत्तीत आला. त्याआधी पारदर्शक सावली पीडीएफमध्ये न्यायची तर ती खालच्या चित्रात मिसळून सपाट करावी लागे.

छापखानेवाले "कर्व्ह करून द्या" म्हणतात, ते फॉन्ट नसला तरी अक्षर बिघडू नये म्हणून. पण कर्व्ह केल्यावर आकार राहतो, अक्षर जातं. तो 'मु' आहे हे मशीनला कळत नाही. चूक सापडली तर दुरुस्तही करता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली एक प्रत वेगळी जपायची.

चार रात्री बसून मी चिन्ह बिंदू-बिंदूनं पुन्हा काढलं. एसव्हीजी, पीडीएफ आणि पीएनजी, तिन्ही मंडळाला दिल्या. पांढरं गेलं, सगळे खूश झाले. पण फाटलेल्या कडांमध्ये काकांचं वळण नेमकं कुठून गेलं होतं, हे मी अंदाजानंच ठरवलं. यंदाच्या फ्लेक्सवर 'मु'चा उकार सुबक दिसतो. तो त्यांचा नाही, माझा आहे.