4 जीबीलाच का अडतं? तळ्याचा नकाशा आणि एक तुटकी फाइल

आपल्या तळ्याच्या हद्दीचा वाद तुम्हाला माहीत आहेच. सुनावणीत जुना नकाशा दाखवायचा होता. एका ऑनलाइन संग्रहात मूळ स्कॅनची झिप फाइल सापडली, साडेपाच जीबीची. तीन रात्री डाउनलोड लावलं. तिन्ही वेळा 4 जीबीला बंद! मी नेटवाल्याला फोन करून भांडलोसुद्धा. पण दोष होता माझ्याच पेनड्राइव्हचा.

त्याची फॅट 32 ही पद्धत 1996 सालची, विंडोज 95 च्या काळातली. तीत फाइलचा आकार 32 बिटांच्या आकड्यात लिहितात. त्यामुळे 4 जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यात मावतच नाही, मग जागा कितीही रिकामी असो. उपाय सोपा: फाइल थेट कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा. नाहीतर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करा, पण आतलं आधी दुसरीकडे ठेवून, कारण सगळं पुसलं जातं.

नेट मध्येच तुटलं तर? एफटीपीच्या 1985 च्या नियमांत तुटलं तिथून पुढे उतरवायची सोय होती. वेबच्या नियमांत ती 1997 साली, एचटीटीपी 1.1 बरोबर आली. 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं आपला प्रोग्राम सांगतो. सर्व्हरचं उत्तर 206 आलं तर गाडी पुढे, 200 आलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठ्या फाइलसाठी ब्राउझरवर विसंबू नका, डाउनलोड मॅनेजर किंवा 'डब्ल्यूगेट' वापरा. टोरंट मिळत असेल तर उत्तमच. 2001 मध्ये ब्रॅम कोहेनने काढलेल्या या पद्धतीत प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जातो. इंटरनेट आर्काइव्ह 2012 पासून टोरंट देतं.

शेवटी चेकसम जुळवा. एक बाइट जरी इकडेतिकडे झाला तरी एमडी5 चा आकडा बदलतो. समोरचा वकील 'फाइल अर्धवट आहे' म्हणाला तर उत्तर तयार हवं. अर्थात, आकडा जुळला म्हणजे आपली प्रत संग्रहातल्या प्रतीसारखी आहे, एवढंच. नकाशा काय सांगतो, हा वाद वेगळा.

चौथ्या रात्री फाइल पूर्ण उतरली, आकडा जुळला, नकाशाचं पान दाखल केलंय. तळं वाचेल की नाही, बघू. पण पुरावा जगाला खुला असूनही पेनड्राइव्हपायी हुकला असता, हे मनाला लागलं. तुमच्या गावचे जुने कागद असेच कुठे अडले असतील तर कमेंटमध्ये लिहा, बसून सोडवू.