घामाला सावली लागते

उन्हाळा तोंडावर आला आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. पण बाहेर कडक ऊन असो की पौषातली थंडी, आपल्या अंगातलं तापमान 37 अंशांच्या आसपासच राहतं. ते कसं राहतं, आणि ते टिकवायला आपल्या आधीच्या बायांना काय मिळालं, काय नाही, याचा इतिहास आज सांगायचा आहे.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. अंग किती तापलं यावर त्याची सतत नजर असते. अंग तापू लागलं की तो दोन कामं लावतो. एक, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आतलं गरम रक्त वर येतं आणि उष्णता बाहेर टाकतं. दुसरं, घाम सुटतो. थंडीत याच्या उलट. रक्तवाहिन्या आखडतात, अंग थरथरतं आणि त्या थरथरण्यातून ऊब तयार होते.

आपली कातडी साधारण 35 अंशांची. बाहेरची हवा त्याहून तापली की उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येऊ लागते. मग घाम हा एकच उपाय उरतो. आणि घाम नुसता गळून भागत नाही, तो सुकावा लागतो. आपला माठच बघा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी सुकताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. दमट हवेत तेच पाणी तेवढं गार होत नाही. आणि माठात पाणीच नसेल तर पाझरणार काय? आपलं अंगही असंच.

घामाची ही ताकद माणसाला नीट कळली ती अडीचशे वर्षांपूर्वी. 1774 मध्ये लंडनमध्ये डॉक्टर चार्ल्स ब्लॅगडेन पाणी उकळेल त्याहूनही जास्त तापवलेल्या खोलीत गेले. त्या खोलीत ठेवलेली अंडी भाजून घट्ट झाली, मांस शिजलं. ब्लॅगडेन मात्र सुखरूप बाहेर आले, कारण हवा कोरडी होती आणि अंग स्वतःला गार करत होतं. पुढे 1868 मध्ये जर्मनीच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी हजारो रुग्णांचं तापमान मोजून 37 हा आकडा जगापुढे ठेवला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्लॅगडेन त्या खोलीत काही मिनिटंच होते. हाताला काम नव्हतं आणि नको वाटलं की बाहेर पडायला दार होतं. आपल्या आज्यांना असं दार नव्हतं.

1972 चा दुष्काळ. विहिरी आटल्या, वावरं ओस पडली. सरकारनं रस्ते, तलाव, बांधबंदिस्तीची कामं काढली. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यात बायांची संख्या फार मोठी होती. म्हाताऱ्या बाया अजूनही सांगतात, दिवसभर खडी फोडायची आणि सुकडी खायची. हातोडा चालवताना अंग आतून तापतं, वरून ऊन तापवतं. म्हणजे घाम दुप्पट लागतो आणि त्याला पाणीही दुप्पट लागतं. ते पाणी मिळवणं हीच तर दुष्काळातली खरी अडचण.

या काळातूनच आपल्या राज्याची रोजगार हमी उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पुढे 2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला. कामावर पिण्याचं पाणी, विसाव्याला आणि लेकरांना सावली, प्रथमोपचाराची पेटी द्यायची, असं त्यात लिहिलं गेलं. वाचायला साधी वाक्यं आहेत. पण मघाशी सांगितलेल्या माठाची आठवण ठेवा. पाणी असेल तर घाम येतो आणि सावली असेल तर तो पुरा पडतो. उन्हात राबणाऱ्या अंगाची गरज कायद्यात लिहिली गेली, ही मोठी गोष्ट. सावली म्हणजे मुकादमाची मेहेरबानी नव्हे.

आता घराकडे येऊ. पूर्वी आपल्याकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. बाहेर वणवा पेटला तरी आत गारवा. अंगाचं अर्धं काम घरच करायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आपलं सास्तूर, शेजारच्या लातूर जिल्ह्यातली किल्लारी आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली. त्याच भिंती आणि तीच माळवदाची माती अंगावर पडून हजारो माणसं गेली. त्यानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, मग स्लॅबची घरं आली. जीव वाचवणारं घर हवंच, त्यात दुमत नाही. पण पत्रा दुपारी भाजतो आणि स्लॅब रात्रीपर्यंत ऊन धरून ठेवतो. भिंतीचं काम पुन्हा अंगावर आलं, आणि त्यातही चुलीपुढच्या बाईच्या अंगावर.

हा इतिहास संपलेला नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला मोठा सरकारी कार्यक्रम झाला. पारा 38 च्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं नेहमीचं ऊन. पण हवा दमट, मैदान उघडं आणि माणसं तासन्‌तास बसलेली. 14 जणांचा जीव गेला. पारा तेवढा बघून धोका कळत नाही, तो यामुळेच.

आमच्या गटांच्या बैठकांत पाण्याचा विषय निघाला की एकच उत्तर येतं. कामावर आडोसा नसतो, म्हणून बाया पाणीच कमी पितात. मग उन्हाळी लागते, डोकं दुखतं, चक्कर येते. यात बाईचा दोष नाही, पण अंगाचा माठ रिकामा राहतो. म्हणून पाण्याची मागणी करताना आडोशाचीही मागणी करायची. काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी थांबवावं, हेही मांडायचं. गटाच्या ठरावात लिहायचं, सगळ्यांनी सह्या-अंगठे करायचे आणि अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यायची.

आणि एक लक्षात ठेवा. उन्हात एखादी बाई असंबद्ध बोलू लागली, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर घाम आहे की नाही हे बघत बसू नका. तिला सावलीत न्या, लुगडं सैल करा, अंगभर पाणी ओता, पदरानं वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पुढच्या बैठकीत आधी ठराव लिहून घेऊ, मग बचतीचा हिशेब करू.