पंचनाम्यानंतरचा प्रश्न

भाची पुण्यात लॉला आहे. दुसरं वर्ष. परवा तिचा फोन आला तेव्हा सूर जरा उतरलेला होता. कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेत तिला घेतलंय, त्याचं आधी केवढं कौतुक होतं! आता म्हणते, "मावशी, काम काय, तर निवेदन लिहायचं, ते देताना फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. आमच्या निवेदनाने कधी काही हललंय का गं?"

खरं सांगायचं तर मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग एक गोष्ट आठवली, पण फोनवर ती धड सांगता आली नाही. मध्येच कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मध्येच तिला कोणीतरी हाक मारली. म्हणून इथे लिहून काढतेय. जरा लांबलंय, चहा घेऊनच बसा.

गोष्ट आहे वानुआतूची. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला आणि फिजीच्या पश्चिमेला निळ्या रंगात थोडेसे ठिपके दिसतात, तो हा देश. ऐंशीच्या वर बेटं, लोकवस्ती सुमारे तीन लाख. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. 1980 साली स्वतंत्र होण्याआधी तिथे इंग्रज आणि फ्रेंच यांचं एकत्र राज्य होतं, आणि एकत्र म्हणजे कसं, तर सगळंच दुप्पट. पोलीस दोन, तुरुंग दोन, कायदे दोन. शिवाय वर एक संयुक्त न्यायालय, ज्याचा अध्यक्ष नेमायचा स्पेनच्या राजाने! कायदा म्हणजे लांबच्या कोणीतरी आपल्यावर आणून ठेवलेली वस्तू, असं त्या लोकांना वाटलं असेल तर नवल नाही.

तर या देशाच्या राजधानीत, पोर्ट व्हिलामध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकचं लॉ स्कूल आहे. हे विद्यापीठही मजेशीर आहे. पॅसिफिकमधल्या बारा छोट्या देशांच्या सरकारांनी मिळून ते चालवलंय, कारण एकेकट्याला परवडणारं नाही. त्यामुळे वर्गात एका बाकावर सॉलोमन बेटांची मुलगी, शेजारी टोंगाचा मुलगा, मागे फिजीचा, असा प्रकार.

मार्च 2019 मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याच्या वर्गात आठ देशांमधले 27 विद्यार्थी बसले होते. विषय होता, हवामानबदलाविरुद्ध कायद्याने काय करता येईल? हा त्यांच्यासाठी परीक्षेपुरता विषय नव्हता. चार वर्षांपूर्वी, मार्च 2015 मध्ये, पाम नावाचं वादळ वानुआतूवरून गेलं होतं आणि देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नुकसान करून गेलं होतं. मुलांनी बरेच मार्ग चाळले आणि त्यातला सगळ्यात अवघड निवडला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचं, की याबाबतीत देशांची कायदेशीर जबाबदारी काय?

आता इथे थोडा कायदा आला, पण सोपा आहे. हेगच्या न्यायालयात एखाद्या देशावर खटला भरायचा तर त्या देशाने न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला असावा लागतो. कोण मोठा देश आपण होऊन पिंजऱ्यात उभा राहील? पण एक दुसरं दार आहे. संयुक्त राष्ट्रांची आमसभा न्यायालयाला प्रश्न विचारू शकते आणि न्यायालय त्यावर आपलं मत देतं. त्याला सल्लागार मत म्हणतात. यात आरोपी नाही, शिक्षा नाही, वसुली नाही. फक्त कायदा काय म्हणतो ते जगातलं सगळ्यात मोठं न्यायालय सांगतं.

हे दार ठोठावणारे ते पहिले नव्हते. 2011 मध्ये पलाऊ नावाच्या, याहूनही चिमुकल्या देशाने हाच प्रयत्न केला होता. मोठे देश नाखूश होते आणि प्रकरण मतदानापर्यंत पोचलंच नाही. वर्गातल्या मुलांना अर्थातच हे ठाऊक होतं. देशाच्या राष्ट्राध्यक्षाला जे जमलं नाही ते आपण करू म्हणायचं, याला काय म्हणावं? वय, दुसरं काय!

त्यांनी संघटना काढली. नाव लांबलचक, पॅसिफिक आयलंड्स स्टुडंट्स फायटिंग क्लायमेट चेंज. आणि मग काय केलं? (भाची, इकडे लक्ष दे.) निवेदनं लिहिली! पॅसिफिकमधल्या सरकारांच्या प्रमुखांना पत्रं पाठवली. ती मनावर घेतली वानुआतूने. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ऑगस्ट 2019 मध्ये तुवालूला पॅसिफिक देशांच्या प्रमुखांची परिषद भरली तिथे प्रस्ताव मांडला. परिषदेने काय केलं, तर प्रस्तावाची 'नोंद घेतली'. आपल्याकडे सरकारी कागदावर 'नोंद घेतली' याचा अर्थ काय होतो, ते मी वेगळं सांगायला नको.

पुढे 2020 उजाडलं. कोविडमुळे बेटांचे दरवाजे बंद, आणि एप्रिलमध्ये हॅरॉल्ड नावाचं वादळ वानुआतूवर आदळलं.

इथे थोडं थांबते, कारण त्याच वर्षी 3 जूनला आपल्याकडे निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनला आमच्या मामांची वाडी आहे, म्हणजे होती म्हणावं का आहे म्हणावं, अजून ठरत नाही. नातेवाईक मंडळींना सांगायला नको, सगळ्यांनीच पाहिलंय. सुपारीची झाडं ओळीने आडवी, नारळ मधूनच पिळून मोडलेले. सुपारीचं झाड धरायला काही वर्षं जातात, आणि मामा तेव्हा सत्तरीला आलेले. पंचनामा झाला. झाडं मोजली, कागद झाले, मदत आली, कमी आली, उशिरा आली, त्यावर घरात खूप बोलणं झालं. पण पंचनाम्यात एक रकाना कधीच नसतो. हे कोणामुळे झालं? तिथे 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलेलं असतं आणि विषय संपतो. आम्हीही तो संपवला. वादळ कोणी पाठवतं का, असं म्हणून.

मला वाटतं, त्या 27 मुलांचं मोठेपण इथे आहे. त्यांनी पंचनाम्यानंतरचा प्रश्न विचारला. समुद्र तापतोय तो आपोआप नाही, हे शास्त्र कधीचं सांगतंय. मग ज्यांच्या धुराने तो तापला त्यांच्यावर कायद्याने काही जबाबदारी येते की नाही? आणि जबाबदारी पाळली नाही तर पुढे काय? दया नको, मदतनिधी नको, आधी एवढं सांगा.

कोविडच्या काळात ही मुलं गप्प बसली नाहीत. दुसऱ्या खंडांमधल्या तरुणांना जोडून घेतलं. बेटांवरच्या लोकांच्या हकिगती गोळा केल्या. सप्टेंबर 2021 मध्ये वानुआतू सरकारने अधिकृतपणे जाहीर केलं, की आम्ही आमसभेत जाणार. मग सुरू झालं ते खरं किचकट काम, म्हणजे प्रश्नाचे शब्द ठरवणं. कोणत्याही देशाचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे कोणाला अंगावर आल्यासारखं वाटणार नाही, पण प्रश्न इतका गुळमुळीतही करायचा नाही की उत्तराला अर्थच उरणार नाही. शेवटी दोन प्रश्न ठरले. हवामान सांभाळण्याबाबत देशांची कर्तव्यं कोणती? आणि ज्यांच्या कृतीने किंवा निष्काळजीपणाने मोठी हानी झाली, त्यांच्यासाठी कायदेशीर परिणाम कोणते, छोट्या बेटांच्या संदर्भात आणि आजच्या व उद्याच्या पिढ्यांच्या संदर्भात?

मार्च 2023 च्या पहिल्याच आठवड्यात जुडी आणि केविन अशी दोन वादळं पाठोपाठ वानुआतूवर आली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला न्यूयॉर्कला आमसभेत ठराव आला. 132 देश सहप्रायोजक होते, आणि मत मोजायची वेळच आली नाही. सर्वसंमतीने मंजूर! वर्गातल्या चर्चेपासून तिथवर बरोबर चार वर्षं लागली.

डिसेंबर 2024 मध्ये हेगला दोन आठवडे सुनावणी झाली. 96 देश आणि 11 आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. या न्यायालयाच्या इतिहासात एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पहिल्याच दिवशी वानुआतूच्या चमूतून बोलायला उभी राहिली सिंथिया हौनियुही. सॉलोमन बेटांची, त्या 27 जणांमधली एक, नंतर संघटनेची अध्यक्ष. कायद्याच्या पुस्तकांत ज्या न्यायालयाचे निकाल वाचले, त्याच न्यायालयासमोर उभं राहून बोलायचं... मला तर नुसतं लिहितानाही अंगावर काटा येतो.

आपला देशही बोलला. आजवर धूर कोणी सोडला याचा हिशेब श्रीमंत देशांनी आधी द्यावा, असं भारताने सांगितलं, आणि तेही बरोबरच आहे. पण हवामानाचे करार आहेत तेवढे पुरेत, न्यायालयाने त्यापलीकडे नवी बंधनं घालू नयेत, असंही सांगितलं. हा दुसरा मुद्दा अमेरिकेचाही होता. श्रीवर्धनची वाडी डोळ्यांपुढे असताना हे वाचून माझी जरा पंचाईत झाली. वीज, कारखाने, गरिबाघरचा गॅस हे सगळं मला कळतं. तरी मामांच्या बाजूने त्या दालनात कोण बोललं असं कोणी विचारलं, तर मला वानुआतूकडे बोट दाखवावं लागेल.

23 जुलै 2025 ला न्यायालयाने मत दिलं. पंधराही न्यायाधीशांचं एकमत. (त्यात आपले दलवीर भंडारीही होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.) एकमताचं मोल कळायला 1996 आठवावं लागतं. अण्वस्त्रांबद्दल असाच प्रश्न आला होता तेव्हा मुख्य मुद्द्यावर न्यायाधीश सात विरुद्ध सात असे फुटले होते आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने काम भागवावं लागलं होतं.

मत काय, तर थोडक्यात असं. फक्त हवामानाचे करार नाहीत, तर दुसऱ्याला मोठी हानी होऊ न देण्याचा जुना, रूढीने आलेला कायदाही सगळ्या देशांना लागू आहे. कोळसा, तेल, वायू यांना परवाने आणि अनुदानं देत राहणं, त्यांचं उत्पादन आणि वापर रोखण्यासाठी योग्य पावलं न उचलणं हे बेकायदा कृत्य ठरू शकतं. तसं ठरलं तर ते थांबवावं लागेल, आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाला तर भरपाईही द्यावी लागेल. आणि समुद्राने जमीन गिळली तरी तेवढ्याने देश संपला असं होत नाही. हे शेवटचं वाक्य तुवालूच्या माणसाने कसं ऐकलं असेल!

आता तुम्ही विचाराल, आणि भाचीने तर विचारलंच, "पण बंधनकारक नाही ना?"

नाही. मोठे देश दुसऱ्या दिवशी सुधारले असंही झालं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलच्या बेलेमला हवामान परिषद झाली. तिथल्या शेवटच्या निर्णयात तेल-कोळशाचं नावसुद्धा नव्हतं. हे लपवून गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

पण अशा मतांचं काय होतं, त्याचं एक उदाहरण आपल्या ओळखीतलं आहे. मॉरिशस, जिथे आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. स्वातंत्र्य देण्याआधी ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस बेटं तोडून स्वतःकडे ठेवली होती. ते बेकायदा होतं, असं याच न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलं, म्हणजे ती मुलं वर्गात बसली त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. तेही सल्लागार मतच होतं आणि ब्रिटनने ते आधी झटकूनच टाकलं होतं. मे 2025 मध्ये त्याच ब्रिटनने बेटांवर मॉरिशसचा हक्क मान्य करणाऱ्या करारावर सही केली. मूळच्या चागोसवासीयांना कोणी नीट विचारलं नाही, ही त्यातली खंत आहेच. पण जे मत कोणावर बंधनकारक नव्हतं, ते सहा वर्षं टेबलावरून हललं मात्र नाही.

2025 मध्येच त्या विद्यार्थी संघटनेला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. छान झालं. पण मला जास्त आवडते ती मधली चार वर्षं, जेव्हा पुरस्कार नव्हता, परदेशी कॅमेरे नव्हते आणि परिषदेने फक्त 'नोंद घेतली' होती. त्या काळात त्यांनी बहुतेक तेच केलं जे तू करतेस, बाळ. निवेदनं लिहिली. फरक एवढाच, की ती कोणत्या दारात द्यायची हे आधी नीट अभ्यासलं, प्रश्नाचा शब्दन्‌शब्द घासला, आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलले नाहीत.

हे सगळं तिला वाचायला पाठवलं. रात्री उत्तर आलं, "मावशी, मामाआजोबांचा पंचनाम्याचा कागद कुठे आहे गं? जरा बघायचा होता."

कपाटातल्या निळ्या फायलीत असेल. उद्या शोधते.