जुलाब आणि सिरप

तापाने फणफणलेले दीड वर्षाचे पोर चमचा बघताच ओठ मिटते. ज्या सिरपसाठी आपण त्याला गोंजारतो, तो शब्द मूळचा अरबी; ‘शरब’ म्हणजे पिणे. शरबतही त्यातलेच. जुलाबाची कथा आणखी गमतीची. फारसी गुल-आब, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत ‘जुलाब’ झाले: कडू दवा उतरवणारे गोड पेय. मराठीत मात्र त्याने थेट पोटच धरले! आमचे मुखेड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथे युनानी हकिमांना राजाश्रय होता. माझी दादीही पुडी मधातच चाटवायची. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, बॉट्युलिझमचा धोका असतो. नाक दाबून पाजणे तर कुणालाच नको. औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळाला बसते धरून गालाच्या आतून थोडे थोडे सोडावे.